टोचणी

मनाला टोचणी लागते, असे आपण पूर्वापार म्हणत आलो. आता ती मनगटाला लागण्याची सोय झाली आहे! मनीष सेठी नावाच्या गृहस्थाने २०१२ साली, आपण फेसबुक उघडले की थोबाडीत मारायला एक बाई पगारावर ठेवली. पुढे बाईच्या जागी त्याने विजेचा पट्टा काढला. नाव 'पाव्हलॉक', त्या कुत्रेवाल्या पाव्हलोव्हवरून. नखे खाल्लीत, की मनगटावर बारीकसा चटका.

इशारा म्हणून कल्पना नामी आहे. डोळे मिटतात, कान दगा देतात. कातडी मात्र रात्रंदिवस ड्यूटीवर. गाडी चालवताना डुलकी लागली की चिमटा बसावा, बहिऱ्या माणसाला झोपेत आगीची वर्दी मिळावी, याला कोण नको म्हणेल?

पण टेबलाखालून पुढे सरकलेला हात चटक्यामुळे मागे आला, तर ही सचोटी जमा कुठल्या खात्यावर करायची? माणसाच्या, की बॅटरीच्या? आणि सेल संपल्यावर?

मला विचाराल तर खरी मेख निराळीच आहे. कुत्र्याच्या गळ्यातल्या अशा पट्ट्यांवर वेल्सने २०१० सालीच बंदी घातली. कुत्र्याला बिचाऱ्याला पट्टा सोडता येत नाही. आपण होऊन बांधला तो इशारा. तोच साहेबाने बांधला की शिक्षा. चटका दोन्हीकडे तेवढाच!

तेव्हा पट्टा खुशाल बांधा. बक्कल कोणाच्या हाती आहे, तेवढे आधी पाहून घ्या.