एकांत कशासाठी हवाय?

आजचं वाचन : गीता, अध्याय ६, श्लोक १० ते १३.

योग्यानं एकांतात, स्वच्छ जागी, स्थिर आसन मांडावं, असं भगवंत सांगतात. मी हे सोयीनं वाचलं. हिमालयात बर्फातली एक लाकडी खोली. नेटवर्क नाही, मीटिंग नाही! खर्चाची एक्सेल शीटही तयार झाली.

मग अंटार्क्टिकावरच्या आपल्या तळांबद्दल वाचलं. १९८३-८४ मध्ये बांधलेलं ‘दक्षिण गंगोत्री’ तरंगत्या हिमथरावर होतं. काही वर्षांतच ते बर्फाखाली गाडलं गेलं. पुढचं ‘मैत्री’ १९८९ मध्ये खडकाळ जमिनीवर, खांबांवर उभं केलं. ते अजून आहे. थंडी तीच, एकांतही तोच. फरक पायाचा.

माझ्या खोलीचा पाया कोणता? खरं सांगतो. औरंगपुऱ्यातल्या घरी बाबा अंथरुणाला खिळलेत, रात्री तीन-तीनदा हाक मारतात. मला शांतता हवी होती असं नाही, ती हाक नको होती.

नाथमहाराजांनी गुरूंच्या आज्ञेनं शूलिभंजनच्या डोंगरावर तप केलं, असं परंपरा सांगते. पण नंतर ते पैठणला परतले, संसार केला, दार उघडं ठेवलं. म्हणजे एकांत वाईट नाही. आपण तिथं साधनेला जातोय की कुणाला तरी टाळायला, एवढं मात्र स्वतःला विचारावं.

शीट अजून डिलीट केलेली नाही. काल रात्री बाबांना पाणी दिलं आणि त्यांच्या पलंगाशीच दहा मिनिटं नामस्मरण केलं. मध्येच त्यांनी हाक मारली. उठलो, परत बसलो.

तुमचा एकांत कशासाठी आहे? आज एकदा विचारून बघा.