कोरा रकाना आणि दौलतजादा

कलाकृतीचे मोल कोणी ठरवावे, हा प्रश्न मराठी समीक्षेने बहुधा अर्थशास्त्राच्या स्वाधीन करून टाकला आहे. 'रेडिओहेड' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाने तो नैतिक प्रश्न म्हणून पुन्हा पुढे आणला. 'ईएमआय' कंपनीशी असलेला करार संपल्यानंतर, १० ऑक्टोबर २००७ रोजी, 'इन रेनबोज' हा आपला सातवा अल्बम त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर उपलब्ध केला. किमतीचा रकाना कोरा होता. श्रोत्याने वाटेल तो आकडा लिहावा, शून्यही चाले.

या प्रयोगाच्या नावीन्याचे झालेले कौतुक शिक्रापूरच्या रसिकाला काहीसे चमत्कारिक वाटावे. तेथून न्हावऱ्यामार्गे दौंड तालुक्यातील चौफुल्याला जाता येते. आणि चौफुला संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखला जातो. श्रोत्याने स्वेच्छेने द्यावयाची दौलतजादा ही या परंपरेची जुनी रीत आहे.

वरकरणी दोहोंत साम्य दिसते. मात्र दौलतजादा चारचौघांच्या साक्षीने होते. तिच्यातून दाद व्यक्त होते तशीच देणाऱ्याची ऐपत आणि प्रतिष्ठाही. शिवाय पैशाबरोबर फर्माईश येते आणि लावणी त्या फर्माईशीप्रमाणे वळते. दान हे घेणाऱ्याला बांधून ठेवते, असे मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये दाखवून दिले होते. बैठकीत हे बंधन उघड्या डोळ्यांनी पाहता येते. संकेतस्थळावर साक्षीदार नाही, गीत आधीच पूर्ण झालेले आहे, आणि कलावंताला श्रोत्यापुढे वाकावे लागत नाही. येथे देणारा बांधला जातो तो केवळ स्वतःच्या सदसद्विवेकाशी.

ही शुद्धता मोहक आहे खरी, पण ती फुकट आलेली नाही. आधीच्या सहा अल्बमांच्या ठरीव किमतीतून आणि कंपनीच्या वितरणातून मिळालेली कीर्ती तिच्या पाठीशी उभी होती. रेडिओहेडने किंमत सोडली; बारीतल्या गायिकेच्या हाती ती पुरती कधी आलीच नाही. दात्याच्या मर्जीवर जगणाऱ्या कलावंत स्त्रीला काय मोजावे लागते, हे किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) वाचलेल्यांना सांगावयास नको. दोन्हीकडे शब्द 'स्वेच्छा' हाच आहे. एकीकडे ती कलावंताने देऊ केलेली सवलत, तर दुसरीकडे तिच्यावरची सत्ता.

म्हणूनच तिकीट आले आणि रसिकता संपली, हा आपल्याकडचा नेहमीचा विलाप तपासून घेतला पाहिजे. ठरीव बिदागी मिळणाऱ्या गायिकेला निदान श्रोत्याच्या खिशाकडे न पाहता गाता येते. रेडिओहेडलाही हे उमगले असावे की काय, हा तर्क मोहात पाडणारा असला तरी त्याला आधार नाही. एवढे मात्र खरे, की डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी तो रकाना मागे घेतला आणि वर्ष सरता सरता अल्बम नेहमीच्या किमतीने दुकानांत आला.