न दिलेलं घेणं

आपल्या पाच अणुव्रतांपैकी तिसरं व्रत आपल्याला सगळ्यात सोपं वाटतं. अहिंसा म्हटलं की भाजी निवडतानासुद्धा दहा प्रश्न पडतात. सत्य म्हटलं की दिवसभरात घरातल्या घरात मारलेल्या बारीकसारीक थापा आठवतात. अपरिग्रहाचं तर नावच नको, कपाट उघडलं की परिग्रह अंगावर कोसळतो. पण अचौर्य? आपण कुठे कुणाच्या घरी चोरी करायला जातो! स्वाध्यायाला बसलेल्या बायका इथे पान जरा लवकरच उलटतात, असं मी पाहिलंय. शास्त्राने मात्र चोरीची व्याख्या करताना फार नेमका शब्द वापरलाय: अदत्तादान. न दिलेलं घेणं. कुलूप फोडायला नको, अंधारही नको. समोरच्याने दिलं नाही आणि आपण घेतलं, एवढं पुरे.

आता मला सतावणारा प्रश्न असा. मी पैसे मोजून घेतलेली वस्तू माझ्या घरात आहे, रोज माझ्या हातात आहे. ज्याने ती बनवली, त्याने एका रात्रीत तिच्यातलं काहीतरी काढून घेतलं आणि त्या जागी दुसरं काहीतरी ठेवलं. तेही चांगल्या हेतूने, कदाचित आधीपेक्षा भारीच. याला काय म्हणायचं?

ही काही कल्पना नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये, चवथ तोंडावर आलेली असताना, देशभरातल्या असंख्य अँड्रॉइड फोनवर हेच झालं. लोकांनी फोन हातात घेतला तर फोन लावायचं पानच बदललेलं. गुगलचं ‘फोन’ नावाचं ॲप असतं, ज्यातून आपण नंबर लावतो आणि आलेला फोन घेतो, त्याचं रूपच पालटलं होतं. आवडीचे नंबर आणि अलीकडचे कॉल पूर्वी दोन वेगळ्या कप्प्यांत असायचे, ते एकाच ‘होम’ पानावर आले. एकाच माणसाचे चार कॉल आधी एका ओळीत गोळा व्हायचे, ते आता वेळेप्रमाणे सुटे सुटे दिसायला लागले. आणि खरी अडचण म्हणजे आलेला फोन घ्यायला बोट वर सारायचं, ते अनेकांच्या फोनवर आडवं सारायचं झालं.

घाबरून कितीतरी लोकांना वाटलं, फोन हॅक झाला. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या रोज कानावर पडत असताना तसं वाटलं तर नवल काय? मग चिडचिड सुरू झाली, मग विनोद. अपडेट काढून टाकून जुनं रूप परत कसं आणायचं, हे लोक एकमेकांना सांगायला लागले. बदलामागचं कारण असं दिलं गेलं की खिशातून फोन काढताना चुकून कॉल घेतला जातो किंवा कापला जातो, ते टाळायचं होतं. खिसा! साडीला कुठला आलाय खिसा? आमच्याकडे फोन पिशवीत असतो, नाहीतर फ्रिजच्या डोक्यावर चार्जिंगला. ज्या दुखण्यावर हा उपाय होता, ते दुखणंच निम्म्या जगाला नव्हतं.

पण थांबा. दुसरी बाजू आपल्याच शास्त्रात आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. तत्त्वार्थसूत्र परिग्रहाची व्याख्या वस्तूंवरून करत नाही, मूर्च्छेवरून करतं. मूर्च्छा म्हणजे ‘माझं, माझं’ करत चिकटून बसणं. मग एका बटणाच्या जागेसाठी एवढा आकांत करणारे आपण कोण? ही मूर्च्छाच नव्हे का? शिवाय प्रत्येक वस्तूत काही नवं उपजतं, काही जुनं जातं आणि काही टिकून राहतं, उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, हे तर आपण पाठशाळेत असल्यापासून ऐकतो. सोन्याचं कडं मोडून हार केला, कडं गेलं, हार आला, सोनं राहिलं. जगाचा स्वभावच बदलायचा, तिथे फोन कसा अपवाद असेल? तरुण मुलं हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगतात, “काय एवढं? दोन दिवसांत सवय होईल.”

यात तथ्य आहे. 2016 मध्ये ॲपलने आयफोन 7 मधून इअरफोनचं गोल भोक काढून टाकलं. कंपनीच्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून त्याला ‘धाडस’ म्हटलं, तेव्हा जग हसलं आणि चिडलंही. आज किती जणांना त्याची आठवण येते? कानात बिनतारी मोती अडकवून सगळे फिरताहेत. तिथे बरीचशी मूर्च्छाच होती, असं मला वाटतं. आणि मुख्य म्हणजे तो नवा फोन होता. नको वाटला तर घेऊ नका. दुकानदाराने नव्या पद्धतीचा माल मांडला म्हणून त्याने माझ्या घरातून काही नेलं असं होत नाही.

चार्जरची गोष्ट मात्र मला तितकी सरळ वाटत नाही. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीने आयफोनच्या पेटीतून चार्जर काढला आणि कारण दिलं पर्यावरणाचं. त्यावर हसलेल्या सॅमसंगने तीनच महिन्यांत, जानेवारी 2021 च्या आपल्या महागड्या फोनबरोबर चार्जर देणं बंद केलं. ब्राझीलच्या सरकारला हे पटलं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांनी चार्जरशिवाय आयफोन विकायला मनाई केली आणि दंडही ठोकला. घरात चार चार चार्जर लोळत असतात हे खरंच आहे, कचरा कमी व्हावा हेही खरं. पण दशलक्षण पर्वात आपण उत्तम त्यागाचा दिवस पाळतो, तेव्हा आपल्या ताटातलं सोडतो. दुसऱ्याच्या ताटातलं कमी करून त्याला त्याग म्हणायची सोय कुठल्याच श्रावकाचारात नाही.

आता हातात असलेल्या फोनकडे येते.

पार्सेला माझ्या शेजारी एक काकी राहतात. सत्तरी ओलांडलेली, रोज भगवतीच्या देवळात जाणं, परसात चार भाज्या, मुलगा बोटीवर. त्यांचा फोन कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. त्या फोनच्या तळाशी तीन खुणा होत्या: त्रिकोण, गोल, चौकोन. काकींना इंग्रजी वाचता येत नाही, मराठीही चष्मा लावून सावकाश. पण त्रिकोण म्हणजे मागे आणि गोल म्हणजे घरी, एवढ्यावर त्यांनी पाच वर्षं तो फोन सुखाने चालवला. मुलाचा व्हिडिओ कॉल घ्यायच्या, बँकेचा मेसेज उघडून आकडा पाहायच्या, बहिणीचे आवाजी निरोप दुपारी एकट्या बसून ऐकायच्या. एका अपडेटनंतर त्या तीन खुणा गायब. त्याऐवजी बोट कडेवरून आत सारायचं, तळापासून वर ओढायचं. हे त्यांना कुणी सांगणार कसं? एका पानात गेल्या की बाहेर येण्याचा रस्ताच नाही. “बाय, फोन मेलो काय गो?” म्हणत त्या माझ्या दारात आल्या तेव्हा मी बाहेरगावी होते. मग फोन पुतण्याच्या हातात गेला.

पुतण्या वाईट नाही. पण दर दोन दिवसांनी फोन त्याच्या हातात जायला लागला. त्याला सोयीचं म्हणून त्याने आपल्या लक्षात राहील असा पासवर्ड घातला. बँकेत किती आले, बहीण काय बोलली, मुलाने काय विचारलं, सगळं आधी त्याला कळायला लागलं. “काकी, राहू द्या, तुम्हाला नाही जमणार,” हे वाक्य त्या घरात रुळलं. माझ्या वाचणाऱ्या बायांना याहून जास्त सांगायची गरज नाही. बाईच्या घरात तिच्या एकटीचं असं काय असतं? कपाटाचा एखादा खण, एखादी डबी, आणि अलीकडे हा फोन.

म्हणूनच ‘सवय होईल’ या वाक्याला मी पूर्ण उत्तर मानत नाही. मूर्च्छा म्हणजे वस्तूला चिकटणं. काकी फोनला चिकटलेल्या नव्हत्या, त्या फोनच्या आधाराने मोकळ्या होत्या. सोन्याच्या दृष्टान्तात कड्याचा हार होतो तेव्हा सोनं राहतं. इथे राहायला हवं होतं ते काय? हाताचं ज्ञान. वीज गेल्यावर पेडण्याच्या पावसातल्या काळोखात आपण काडेपेटी बरोबर सापडवतो, ते डोळ्यांनी नव्हे. मसाल्याच्या डब्यातली हळद कुठल्या वाटीत आहे, हे हाताला ठाऊक असतं. सुनेने प्रेमाने डबा नवा आणला, चकचकीत आणला आणि वाट्यांची जागा बदलली, तर आपण तिला चोर म्हणत नाही. पण सांगून बदल म्हणतो. ते हाताचं ज्ञान कंपनीने दिलेलं नसतं. ते काकींनी स्वतः, चुकत चुकत, महिनोन्‌महिने कमावलेलं असतं. तेच एका रात्रीत निरुपयोगी करणं मला अदत्तादानाच्या जवळ जाणारं वाटतं.

अजून एक गोष्ट आहे. रत्नकरंडक श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांत फरक केलाय. अन्नासारखं एकदाच वापरून संपतं तो भोग, कपड्यासारखं पुन्हा पुन्हा वापरलं जातं तो उपभोग. दोन्हींची मर्यादा घालून घ्यायची, ते व्रत. आपण फोन घेतो तो उपभोगाची वस्तू म्हणून, भांड्यासारखा, पाच-सात वर्षं चालेल म्हणून. बनवणारे त्याकडे भोगासारखे बघतात. खाल्लं, आता दुसरं वाढतो. हातातलं पान अर्धं असताना वाढपी नवं पान मांडून गेला, तर पंगतीत भांडण होणारच.

बदल कसा करावा याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचंच आहे. 1 एप्रिल 1957 ला भारतात आणे-पै जाऊन दशमान नाणी आली. गोंधळ काही कमी झाला नसेल, पण जुनी नाणी काही काळ नव्यांबरोबर चालत राहिली, आणि नव्या पैशाला मुद्दाम ‘नया पैसा’ म्हटलं, दोन्हींत घोटाळा होऊ नये म्हणून. तो ‘नया’ शब्द 1964 च्या जूनमध्ये काढला. सात वर्षं! गोव्यातल्या जुन्या बायकांनी तर आणखी पाहिलंय. पोर्तुगिजांनी 1958 मध्ये रुपया काढून एस्कुदो आणला, एका रुपयाला सहा एस्कुदो, आणि तीन-चार वर्षांत, 1961 ला गोवा मुक्त झाल्यावर, पुन्हा रुपया आला. एवढे हिशेब बदलून घेतलेल्या पिढीला ‘यांना बदल नको असतो’ असं म्हणणं मला तरी धजत नाही.

नवं सगळं वाईट, असं मी म्हणणार नाही. अनेकांताची शिकवण घेतलेल्या घरात ते शोभणारही नाही. मराठीत बोललं की आपोआप लिहिलं जातं, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आंधळ्या माणसाला फोन पडदा वाचून दाखवतो. या सोयी कुणी मागे ‘जुनंच बरं’ म्हणत बसलं असतं तर आल्या नसत्या. माझी तक्रार वेगळी आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपाचा बदल अनेकदा एकाच पुडीत बांधून येतात. पुडी नको म्हणावं तर फोन चोरांना उघडा, घ्यावी तर ओळखीचा फोन गेला. यात होकार कुठे उरला? न विचारता घेतलेल्या होकाराला दत्त म्हणायचं की अदत्त, हे मी विद्वानांवर सोडते. माझं मत मी लपवलेलं नाही.

मी गावाहून परत आल्यावर शुक्रवारच्या बाजाराला जाताना काकींना म्हापशाला घेऊन गेले. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने फोन घेतला आणि अर्ध्या मिनिटात त्रिकोण, गोल, चौकोन तळाशी परत आणून ठेवले. सोय आतच होती, सेटिंग्जमध्ये ‘नेव्हिगेशन’ नावाच्या पानावर, चार दारं ओलांडून. मी त्याला म्हटलं, “बाळा, आता ते परत घालव.” तो माझ्याकडे बघतच राहिला. मागे गिऱ्हाइकं उभी होती. त्याने घालवलं, आणि मग काकींना स्टुलावर बसवून एकेक दार दाखवलं. पहिल्यांदा त्या भलत्याच पानावर गेल्या, दुसऱ्यांदा मध्येच अडकल्या, तिसऱ्यांदा खुणा त्यांनी स्वतः आणल्या. फोन पदराला पुसला. मग त्याला म्हणाल्या, पासवर्ड पण बदलायचा आहे, तो कसा बदलतात तेवढं सांग, आणि तू तिकडे बघ.