विचारलेल्या प्रश्नाची अमानत



‘अमानत’ हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? हजला निघालेल्या शेजाऱ्याने सांभाळायला दिलेले दागिने, एखाद्या अनाथाच्या वाट्याची जमीन किंवा मशिदीच्या कामासाठी गोळा झालेली रक्कम. या सर्व अमानती मोजता येतात आणि कुलूप लावून ठेवता येतात. परंतु काही अमानतींना कुलूप लागत नाही. विश्वासाने विचारलेला प्रश्न ही तशीच एक अमानत आहे. तुम्हाला जाणकार समजून कोणी प्रश्न विचारतो, तेव्हा तो आपल्या हिताचा एक भाग तुमच्या हवाली करीत असतो. तुम्ही जे सांगाल त्यावर तो चालणार असतो. मग या ठेवीचा हक्क कसा अदा करावा? उत्तर देऊन, की काही वेळा उत्तर न देऊन?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी मी तुम्हाला रुग्णालयातील एका अशा खोलीत नेतो, जिथे रुग्ण कधी येत नाही. तिथे एक टेबल, एक टेलिफोन, एक संगणक आणि औषधशास्त्राचे जाडजूड ग्रंथ असतात. या खोलीला औषध माहिती केंद्र म्हणतात. अशा प्रकारचे पहिले केंद्र 1962 मध्ये अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाले. आज आपल्या देशातही अनेक मोठ्या रुग्णालयांत व औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत अशी केंद्रे आहेत. तिथे बसणारा फार्मासिस्ट गोळ्या मोजून देत नाही. तो प्रश्नांची उत्तरे देतो. या दोन औषधांची एकमेकांशी गाठ पडली तर काय होईल? मूत्रपिंड अशक्त झालेल्या रुग्णाला हा डोस चालेल का? नाकातील नळीवाटे द्यायची म्हणून ही गोळी कुटली तर चालेल का? डॉक्टर विचारतात, परिचारिका विचारतात, कधी रुग्णाचे नातेवाईकही विचारतात.

आता कल्पना करा की, मध्यरात्री फोन वाजला. पलीकडून परिचारिका घाईने विचारते, ‘सेफ्ट्रियाक्सोनचा डोस किती द्यायचा?’ पुस्तक उघडून आकडा सांगणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. परंतु या कामाची शिस्त सांगते की, उत्तर देण्यापूर्वी प्रश्न समजून घ्या. म्हणून फार्मासिस्ट उलट विचारतो, ‘रुग्णाचे वय काय?’ उत्तर येते, ‘दहा दिवसांचे बाळ आहे.’ ‘शिरेतून आणखी काय चालू आहे?’ ‘कॅल्शियम ग्लुकोनेट.’ इथे सारे चित्र पालटते. 28 दिवसांपर्यंतच्या नवजात बालकाला कॅल्शियमयुक्त द्रव शिरेतून चालू असेल किंवा द्यावा लागणार असेल, तर सेफ्ट्रियाक्सोन देणे निषिद्ध आहे. दोन्ही एकत्र आल्यास न विरघळणारा साका तयार होऊन तो फुप्फुसांत व मूत्रपिंडांत साचू शकतो. असे घडून नवजात बालके दगावल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. डोस किती, असे विचारले गेले होते. खरा प्रश्न मात्र हे औषध द्यावे की नाही, हा होता. विचारलेल्या शब्दांना अचूक उत्तर देऊनही माणूस अमानतीत खयानत करू शकतो, ही गोष्ट इथे ध्यानात येते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक घटना अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आली आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला गुस्ल (स्नान) अनिवार्य झाले. आपल्याला तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगून टाकले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. हे कळल्यावर प्रेषितांना (स.) अतिशय दुःख झाले. त्या माणसाच्या मृत्यूची जबाबदारी त्यांनी उत्तर देणाऱ्यांवर टाकली आणि समजावले की, ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, कारण अज्ञानावर विचारणे हाच इलाज आहे.

बंधू-भगिनींनो, या घटनेवर क्षणभर थांबा. उत्तर देणारे दुष्ट नव्हते. त्यांना धर्माची चाड होती आणि मित्राविषयी आपुलकी होती. त्यांचा दोष एवढाच की, ज्ञान नसताना त्यांनी खात्रीने सांगितले. हेतू शुद्ध असला तरी न जाणता दिलेल्या उत्तराचे ओझे हलके होत नाही. याच संग्रहातील दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की, वैद्यकाचे ज्ञान असल्याचे ज्ञात नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार आहे.

मग उत्तरच देऊ नये का? तेही योग्य नाही. ठाऊक असलेले ज्ञान विचारल्यावर लपवून ठेवणाऱ्यालाही हदीसमध्ये कठोर इशारा आहे. म्हणजे जाणकाराच्या दोन्ही बाजूंना दरी आहे. एकीकडे अंदाजाने बोलण्याची आणि दुसरीकडे भीतीने गप्प बसण्याची. या दोहोंमधून जाणारी वाट म्हणजे ‘मला ठाऊक नाही’ असे स्पष्ट म्हणणे आणि तिथेच न थांबणे. इमाम मालिक (मृत्यू हिजरी 179) यांच्याविषयी नोंद आढळते की, त्यांना 48 प्रश्न विचारले गेले असता त्यांपैकी 32 प्रश्नांना त्यांनी आपल्याला माहीत नसल्याचे सांगितले. मदीनेच्या इमामांना जे म्हणताना संकोच वाटला नाही, ते म्हणताना आपली जीभ का अडखळते?

औषध माहिती देणाऱ्याच्या बाबतीत या वाक्याला पुढचा भाग जोडावा लागतो: ‘शोधून अमुक वेळेपर्यंत सांगतो.’ मग तो आधी संदर्भग्रंथ पाहतो, त्यानंतर सूचीच्या आधारे मूळ संशोधनलेखांपर्यंत पोहोचतो. तो लेख विश्वासार्ह आहे का, किती रुग्णांवर अभ्यास झाला, समोरच्या रुग्णाला तो लागू पडतो का, हे तपासतो. रुग्णाची प्रकृती थांबायला तयार नसेल तर जेवढे निश्चित आहे तेवढे सांगतो आणि जे अनिश्चित आहे ते अनिश्चित म्हणूनच सांगतो. अर्ध्या खात्रीला पूर्ण खात्रीचा पोशाख चढवणे, हे देखील असत्यच आहे. शेवटी विचारलेला प्रश्न, दिलेले उत्तर आणि त्याचा आधार तो नोंदवून ठेवतो.

नावांविषयीची दक्षता हा याच कामाचा भाग. ओमेप्राझोल हे औषध अमेरिकेत आधी ‘लोसेक’ या नावाने मिळत असे. ‘लॅसिक्स’ या लघवी वाढवणाऱ्या औषधाशी त्याची गल्लत होऊ लागली, म्हणून 1990 मध्ये त्याचे नाव बदलावे लागले. ही चिंता नवी नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अबू रैहान अल्-बिरूनी यांनी उतारवयात ‘किताबुस्सैदना’ हा औषधींवरील ग्रंथ रचला. एकेका औषधीची अरबी, ग्रीक, सिरियाक, फारसी आणि भारतीय भाषांतील नावे त्यांनी एकत्र मांडली. नाव चुकले की वस्तू चुकते आणि वस्तू चुकली की रुग्णाला इजा होते.

आता आपल्या घराकडे वळू या. रमजान जवळ आला की मधुमेह असलेले वडीलधारे म्हणतात, ‘मी रोजा सोडणार नाही.’ त्यांची तळमळ आदरणीय आहे. परंतु ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उपवासात धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. दिवसातून तीन वेळा घ्यायचे औषध सहरी व इफ्तारच्या दोन वेळांत आपल्या मर्जीने कोंबता येत नाही. काही औषधांचा पर्याय दिवसातून एकदा घेण्याच्या स्वरूपात मिळतो, काहींचा मिळत नाही. हे डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला आधीच विचारावे. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे. ती लागू करण्यासाठी औषधाची खरी माहिती लागते.

याहून नाजूक प्रश्न हेपॅरिनचा आहे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हे इंजेक्शन बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते. एखाद्या मुलाने वडिलांच्या खाटेजवळून फोन करून विचारले की, हे कशापासून बनते, तर फार्मासिस्टने काय करावे? सत्य सांगितले तर घरचे उपचार नाकारतील, ही धास्ती. लपवले तर विश्वासघात. योग्य उत्तर पूर्ण उत्तरच असेल: औषधाचा उगम हा असा आहे, ते न दिल्यास धोका हा असा आहे, फोंडापॅरिनक्स नावाचे कृत्रिम रीतीने बनवलेले औषध काही परिस्थितींत पर्याय होऊ शकते, पण या रुग्णाला ते चालेल की नाही हे डॉक्टर ठरवतील. प्राण वाचवण्यासाठी नाइलाज असेल तर शरीअतचा आदेश काय, हे तो सांगणार नाही. त्यासाठी तो जाणत्या आलिमांकडे पाठवील. आणि आलिमही हुकूम सांगण्यापूर्वी पर्याय खरोखर आहे का, हे त्याला विचारतील. फार्मासिस्टने फतवा देऊ नये आणि मुफ्तींनी डोस सांगू नये. आपापली हद्द ओळखणे हा अमानतीचाच एक भाग आहे.

वाचकहो, या माणसाच्या कामात मला सर्वाधिक भिडते ती एक गोष्ट. ज्याच्यासाठी तो झटतो, तो रुग्ण बहुधा त्याला कधी दिसत नाही. बाळ वाचले तर आईवडील डॉक्टरांना दुवा देतील. टेलिफोनवरच्या आवाजाचे नावही त्यांना कळणार नाही. त्याने आळसाने चुकीचे सांगितले असते, तरी कदाचित कोणाला पत्ता लागला नसता. जिथे माणूस पाहत नाही तिथेही अल्लाह पाहतो, या जाणिवेची कसोटी अशाच ठिकाणी लागते. नमाजमधील एकाग्रता आणि मध्यरात्री आणखी एक ग्रंथ उघडून पाहण्याची तसदी, या दोहोंचे मूळ एकच आहे.

ही खोली रुग्णालयात असली तरी हे काम आपण सगळेच दररोज करतो. मोबाइलवर आलेला नुस्खा पडताळून न पाहता आपण दहा जणांना पाठवतो. आपल्याला लागू पडलेली गोळी शेजारणीला देतो. कलौंजीच्या गुणांवर श्रद्धा ठेवणे वेगळे आणि त्या नावाखाली कोणाचे रक्तदाबाचे औषध बंद करायला लावणे वेगळे. दुसऱ्या बाजूने, विचारणाराही अमानतदार असतो. डॉक्टरांपासून काढे, भस्म किंवा दुसऱ्या दवाखान्याच्या गोळ्या लपवणारा स्वतःच उत्तर बिघडवतो. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी खिशात ठेवावी. औषध घेतल्यावर काही अपाय जाणवला तर डॉक्टरांना सांगावे. भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावरही तो कळवता येतो. तुमची ती एक नोंद एखाद्या अनोळखी माणसाचे संरक्षण करू शकते.

पुढच्या वेळी कोणी तुम्हाला विश्वासाने काही विचारील, तेव्हा त्या जखमी प्रवाशाची आठवण ठेवा. ठाऊक असेल तर पूर्ण सांगा. ठाऊक नसेल तर तसे सांगा आणि जाणकाराचे दार दाखवा. अल्लाह आपल्या जिभेला सत्याची आणि मर्यादेची जाण देवो, आजाऱ्यांना शिफा देवो आणि पडद्याआड राहून त्यांच्यासाठी जागणाऱ्यांना उत्तम मोबदला देवो. आमीन.