वाहता कान आणि अदृष्ट

वैशेषिक दर्शनाच्या मते श्रोत्र, म्हणजे ऐकण्याचे इंद्रिय, हे कानाच्या पोकळीने मर्यादित झालेले आकाशच होय. परंतु आकाश नित्य आहे, त्याला रोग नाही की नाश नाही, मग माणूस बहिरा कसा होतो, हा प्रश्न या व्याख्येतूनच उभा राहतो. प्रशस्तपादांनी ‘पदार्थधर्मसंग्रह’ या ग्रंथात त्याचे उत्तर दिले आहे: आकाशाच्या त्या भागाला एखाद्या जीवाचे इंद्रिय बनवतो तो त्या जीवाचा धर्माधर्म, अर्थात पूर्वकर्मातून साठलेले अदृष्ट, आणि त्यात उणीव आली की बाधिर्य येते.

या उत्तरावरून बहिरेपण हा भोग असून तो सोसूनच संपवावा, असा निष्कर्ष काढला जातो, पण तो टिकत नाही. न्याय-वैशेषिक परंपरेत अदृष्ट हे साधारण कारण, म्हणजे प्रत्येक कार्यामागे असणारे समान कारण, मानले आहे; माती आणि कुंभार यांवाचून नुसत्या अदृष्टाने घडा होत नाही, तसेच बाधिर्यालाही त्याचे असे दृष्ट कारण असावे लागते.

ते कारण पुष्कळदा मध्यकर्णात, म्हणजे पडद्यामागच्या हवेच्या पोकळीत, सापडते. ही पोकळी नाकामागच्या घशाला जोडणारी नळी लहान मुलांत आखूड व आडवी असते, त्यामुळे सर्दीबरोबर जंतू वर चढतात, पू साचतो आणि अखेर पडदा फाटून कान वाहू लागतो. यालाच लोक कान फुटणे म्हणतात. असे वारंवार झाले की पडद्याचे भोक बुजत नाही, त्यामागची इवलीशी हाडे झिजू शकतात आणि ध्वनीची कंपने आत नीट पोहोचत नाहीत. मात्र अंतःकर्ण बहुधा शाबूत असल्याने हे बहिरेपण पुष्कळ अंशी दूर करता येते. वाहत्या कानात तेल न घालता तो कोरडा ठेवणे, वैद्यकीय सल्ल्याने प्रतिजैविकाचे थेंब टाकणे आणि भोक उरल्यास कानशिलाच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून पडद्याला ठिगळासारखा लावणे, असा हा उपचार आहे. पडदा जोडण्याच्या या शस्त्रक्रियेचा, टिंपॅनोप्लास्टीचा, पाया 1950 च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि त्सोलनर यांनी घातला.

आयुर्वेदानेही येथे दैवापुढे हात टेकलेले नाहीत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 28 कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णस्राव आणि बाधिर्य या दोहोंची गणना आहे, तर चरकसंहितेनुसार दैव दुर्बळ असेल तेथे पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, त्यावर मात करतो. आणि दैव दुर्बळ की प्रबळ, हे प्रयत्नाआधी कोणालाच कळत नाही. म्हणून मुलाचा कान वाहत असताना कर्माकडे बोट दाखवून स्वस्थ बसण्याला शास्त्राचा आधार नाही. तो निव्वळ हलगर्जीपणा आहे.