वफादारीचा गणवेश

वफादारी एकवचनी असते, असे आपण ऐकत आलो आणि आम्ही शिक्षक मंडळीही वर्गात तेच सांगत असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीचे आयर्लंड पाहिले की मात्र हे गणित सुटत नाही.

टॉम केटल हा डब्लिनचा कवी, अर्थशास्त्राचा प्राध्यापक. आयर्लंडच्या स्वराज्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये भांडलेला. 1914 साली तो बेल्जियमला गेला तो आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका विकत घ्यायला. तेथे जर्मन फौजांनी केलेली त्या चिमुकल्या देशाची राखरांगोळी त्याने पाहिली. लहान राष्ट्रावरचा जुलूम आयरिश माणसाला कळणार नाही तर कोणाला? तो ब्रिटिश सैन्यात दाखल झाला. त्या महायुद्धात सुमारे 2 लाख आयरिश माणसे ब्रिटिश गणवेशात लढली. सगळी तत्त्वासाठी गेली असे नाही; पुष्कळांच्या घरी चूल पेटत नव्हती.

24 एप्रिल 1916 रोजी पॅट्रिक पिअर्सने डब्लिनच्या मुख्य पोस्ट कचेरीसमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. (पिअर्सही शिक्षकच. आयरिश भाषा जगावी म्हणून त्याने 1908 साली द्विभाषिक शाळा काढली होती. आम्हां उर्दू शाळेतल्या माणसांना त्याच्याविषयी जरा जास्त आपुलकी वाटते, हे वाचक समजून घेतील.) सहा दिवसांत बंड मोडले. मोडणाऱ्यांत आयरिश पलटणीही होत्या. ज्यांचे नवरे फ्रान्सच्या खंदकांत होते, अशा डब्लिनच्या बायकांनी शरण आलेल्या बंडखोरांना शिव्याशाप दिले. मग मे महिन्यात सरकारने पिअर्ससह 15 जणांना गोळ्या घातल्या आणि जनता फिरली.

केटलचा साडू फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन हा शांततावादी. लुटालूट थांबवायला रस्त्यावर उतरलेल्या या माणसाला पकडून 26 एप्रिलला एका ब्रिटिश अधिकाऱ्याने विनाचौकशी गोळ्या घालवल्या. त्याच सैन्याचा गणवेश केटलच्या अंगावर! बंडखोर शहीद ठरतील आणि आपण इंग्रजांचे अधिकारी म्हणूनच उरू, हे त्याने ओळखले होते. तरी तो आघाडीवर गेला आणि 9 सप्टेंबर 1916 रोजी गिंशी गावापाशी पडला.

1914 चा प्रामाणिक निर्णय 1916 मध्ये गद्दारी कसा ठरतो? केटलचा हेतू तोच होता, भोवतालचे जग बदलले. पण हेतूवर सगळे सोडून देता येत नाही. त्याच्या गणवेशाने साम्राज्याचे बळ वाढले, हे खरे. पिअर्सच्या बंडात मेलेल्यांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते, हेही खरे. दोन्हीकडची किंमत जाणून ज्याने एक वाट धरली, त्याला गद्दार म्हणायला आमची जीभ धजत नाही. दुसऱ्याच्या वफादारीचा पुरावा मागणारे बहुधा स्वतः कोणत्याच खंदकात नसतात.

जून 1920 मध्ये हाच पेच पंजाबात उभा राहिला. मायदेशातील ब्रिटिश अत्याचारांच्या बातम्या येताच जालंधर छावणीत कनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश शिपायांनी हुकूम मानायचे नाकारले. जालियनवाला बागेला तेव्हा जेमतेम चौदा महिने झाले होते. पण हे बंड आयर्लंडसाठी होते, पंजाबसाठी नव्हे. सोलनच्या तुकडीतील बंडाचा म्होरक्या जेम्स डॅली याला 2 नोव्हेंबर 1920 रोजी डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. 1970 साली त्याच्या अस्थी सन्मानाने आयर्लंडला नेण्यात आल्या. केटलची कबर कोठे आहे, कोणास ठाऊक नाही. त्याचे नाव फ्रान्समध्ये तिएप्वालच्या स्मारकावर, ब्रिटिश फौजेच्या हजारो नावांत आहे.