हे तुला कुणी शिकवलं?

चौदाव्या शतकात इंग्लंडात जॉन नावाचे दोघे होऊन गेले. एक जॉन विक्लिफ. ऑक्सफर्डचा पंडित, 1372 साली धर्मशास्त्राचा डॉक्टर झालेला. दुसरा जॉन बॉल. फिरता पाद्री. चर्चच्या अंगणात, बाजारात उभा राहून बोलायचा. वरिष्ठांनी बंदी घातली, बहिष्कार टाकला, तुरुंगात घातलं. सुटला की पुन्हा बोलायचा. जॉन हे तिकडचं घरोघरचं नाव. त्यामुळे दोघांचं नाव एक, यात नवल नाही. नवल आहे ते सत्तेनं या दोघांना एकाच दाव्याला कसं बांधलं, त्यात.

दोस्तहो, आधी थोडा हिशोब बघा. 1348-49 च्या प्लेगात इंग्लंडातली माणसं पटापटा मेली. राबणारे हात कमी झाले, उरलेल्यांनी जास्त मजुरी मागितली. लगेच 1351 ला कायदा आला: मजुरी प्लेगच्या आधी होती तेवढीच. माणसं मरोत, दर हलता कामा नये! वर फ्रान्सशी लढाई चालू, तिच्यासाठी डोईपट्टी. 1377 ला माणशी 4 पेन्स, 1380 च्या शेवटी ती माणशी 12 पेन्सच्या हिशोबानं बसवली. जून 1381 मध्ये एसेक्स आणि केंटची माणसं उठली. त्यात जमिनीला बांधलेले वेठबिगार होते, कारागीर होते, छोटे शेतकरी होते. बॉलला तुरुंगातून सोडवलं आणि ब्लॅकहीथच्या माळावर तो त्यांच्यापुढे बोलला. आदम आणि इव्हच्या गोष्टीवरून त्यानं सांगितलं, की जन्मतः सगळे सारखे. गुलामी देवानं केलेली नाही, ती दुष्ट माणसांनी केली.

13 जूनला लंडनात जॉन ऑफ गॉंट या सरदाराचा महाल जळला. (हा तिसरा जॉन. राजाचा चुलता, आणि एके काळी विक्लिफचा पाठीराखा.) 14 जूनला आर्चबिशप सडबरीचं मुंडकं उडालं. त्याच दिवशी राजानं वेठबिगारीतून मुक्तीच्या सनदा लिहून दिल्या आणि 2 जुलैला त्या रद्द करून टाकल्या. 15 जुलैला सेंट ऑल्बन्सला बॉलला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे केले.

मग बखरी लिहायला बसले मठातले साधू. नाइटन नावाच्या बखरकारानं लिहून ठेवलं, की बॉल हा विक्लिफच्या पुढं आलेला वाटाड्या. मागाहून एक कबुलीजबाबही कागदावर आला: मरणाआधी बॉल म्हणे बोलला, की मी दोन वर्षं विक्लिफचा चेला होतो. आता तारखा लावून बघा. बॉल 1360 नंतरच्या दशकातच चर्चच्या डोळ्यांत सलत होता. विक्लिफची वादळी पुस्तकं आली त्यानंतरच्या दशकात. चेला आधी आणि गुरू नंतर, हा कुठला हिशोब?

खोटं रचायचं एक कारण उघड आहे. विक्लिफला संपवायचं होतं. मे 1382 मध्ये लंडनला धर्मसभा भरवून त्याच्या मतांवर शिक्के मारलेच. पण दुसरं कारण मला जास्त खोल वाटतं. राबणाऱ्या माणसाला स्वतःचा विचार असतो, हेच या लोकांना मानवत नव्हतं. वेठबिगार उठला म्हणजे त्याच्या डोक्यात कुणीतरी काहीतरी घातलं असणार, आणि तो कुणीतरी शिकलेलाच असणार. खात्यात आपल्यापैकी कुणी नियमावर बोट ठेवलं की जॉबर पहिलं काय विचारतो? हे तुला कुणी शिकवलं? तू बोललास ते खरं का खोटं, हे तो विचारत नाही.

मग प्रश्न असा, की पंडिताचा विचार आणि बंडखोराचं कृत्य, यांचा जमाखर्च कुणाच्या खात्यावर मांडायचा? विक्लिफ म्हणत होता, की अधिकार देवाच्या कृपेनं मिळतो, पापात बुडालेल्याचा हक्क खरा नव्हे. हे वाक्य मठांच्या जमिनींवर नेम धरून होतं. गड्यानं वाईट मालकाचीसुद्धा आज्ञा पाळावी, हेही तोच सांगत होता. बंडानंतर त्यानं धर्माधिकाऱ्यांच्या संपत्तीला दोष दिला, पण बंडवाल्यांच्या मार्गापासून अंग राखलं. बॉलच्या फाशीचा दोष त्याच्या माथी मारणं मला पटत नाही. पण त्याला या बंडाचा बाप म्हणून मिरवणारे पुरोगामीही तीच चोरी करतात. बॉल स्वतः विचार करून मेला. तो विचार तरी त्याच्या नावावर राहू द्या!

विक्लिफलाही सोडलं नाही म्हणा. 1384 च्या शेवटच्या दिवशी तो आपल्या गावी, लटरवर्थला, मेला. 1428 साली त्याची हाडं उकरून जाळली आणि राख नदीत टाकली. चर्च केवढं घाबरलं असेल त्या हाडांना.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. त्याच बंडात, 15-16 जूनला, केंब्रिजच्या लोकांनी विद्यापीठाच्या सनदा नि कागद भर बाजारात जाळले. मार्जरी स्टार नावाच्या म्हातारीनं ती राख वाऱ्यावर उधळली आणि विद्वानांच्या विद्येला चालती हो म्हणून ओरडली. ‘शिका’ हा शब्द ज्यांना आईच्या दुधाबरोबर मिळाला, ते आपण इथं अडतो. मीही अडलो. विद्या जळावी असं मी कसं म्हणू? पण त्या बाईनं विद्या पाहिली ती सनदेच्या रूपात. मोहोर, दंड, दुसऱ्याचा हक्क. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा बाबासाहेबांनी ती आधी वाचलेली होती. मार्जरीला वाचायची सोय कुणी ठेवली होती? आणि महाडला आलेल्या हजारोंत अक्षरओळख नसलेले कितीतरी होते. काय जळतंय ते त्यांना कळत नव्हतं, असं आहे कुणाची म्हणायची हिंमत?

कागद जाळणारी हीच माणसं कागद लिहीतही होती, हे मात्र बखरकारांना लपवता आलं नाही. बंडातली सहा पत्रं शिल्लक आहेत. लॅटिनमध्ये नाही, फ्रेंचमध्येही नाही, रोजच्या इंग्रजीत. खाली नावं कसली? जॅक मिलर, जॅक कार्टर, जॅक ट्रूमन. जॅक म्हणजे जॉनच. गिरणवाला जॉन, गाडीवान जॉन, खरा माणूस जॉन. हे तिघे होते, का एकट्या बॉलनंच घेतलेली ही नावं, यावर अजून वाद आहे. नाइटननं तर त्यांना वेगवेगळे पुढारी धरून टाकलं. सगळेच जॉन असले तर शिपायानं पकडायचं कुणाला?

विक्लिफच्या काळात त्याच नावाचा आणखी एक पाद्री होता, मेफील्ड गावचा. कँटरबरी हॉल नावाच्या कॉलेजचा प्रमुख दोघांपैकी कोण झाला, यावर विद्वानांनी किती शाई घातली! पत्रांपैकी एक, बॉलनं एसेक्सच्या लोकांना लिहिलेलं, फासावर जाणाऱ्या एका माणसाच्या बाहीत सापडलं. वॉल्सिंगम नावाच्या बखरकारानं ते अख्खं उतरवून घेतलं. त्या माणसाचं नाव लिहिलं नाही.